‘ओघ नाही’ असा शेरा मारण्याआधी

लघुप्रबंधांच्या समासात ‘ओघ नाही’ हे दोन शब्द मी कितीतरी वर्षं लिहीत आले. एका विद्यार्थिनीने मला थांबवलं. तिच्या मसुद्यावर मी तो शेरा अकरा ठिकाणी मारला होता. ती कागद घेऊन समोर बसली आणि म्हणाली, “मॅडम, व्याकरणाची चूक दाखवलीत की मी ती सुधारते. पण ओघाचं नेमकं काय करू?” मी म्हणाले, “वाक्यं एकमेकांना जोड.” पुढच्या मसुद्यात जवळजवळ प्रत्येक दुसरं वाक्य ‘तसेच’, ‘परंतु’ नाहीतर ‘त्यामुळे’ने सुरू होत होतं. मी सांगितलं तेच तिने केलं होतं, आणि मजकूर आधीपेक्षा जड झाला होता. चूक माझ्या सांगण्यात होती.

त्यानंतर मी ओघ शिकवायची पद्धत बदलली आणि तपासायचीही. पदव्युत्तर वर्गाला संशोधनलेखन शिकवणाऱ्या आणि प्रबंध तपासणाऱ्या शिक्षकांसाठी ती इथे मांडते आहे. स्वतंत्र तास मिळत नसेल तरी दीड-दीड तासाच्या चार बैठकांत हे बसतं.

ओघ म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या

ओघ म्हणजे भाषेचा गोडवा नव्हे. गोड भाषेतला मजकूरही वाचकाला वाटेत सोडून देऊ शकतो. ओघाचा संबंध माहितीच्या क्रमाशी आहे : वाचकाच्या हाती आधीपासून काय आहे आणि हे वाक्य त्यात नवं काय घालतं. मी वर्गात ‘ओळखीचं’ आणि ‘नवं’ हे दोनच शब्द वापरते. सिद्धांताची नावं नंतर सांगितली तरी चालतात, पण शिक्षकाला ती माहीत असावीत. वाक्याचे असे दोन भाग पाडून पाहण्याची दृष्टी मुख्यतः प्राग भाषाशास्त्र मंडळाने रुजवली. १९२६ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या विलेम मातेझिउस यांनी ‘वाक्य कशाविषयी आहे’ आणि ‘त्याविषयी काय सांगितलं आहे’ असा भेद केला. पुढे १९७४ साली फ्रांतिशेक दानेश यांनी हा भेद एका वाक्यापुरता न ठेवता संपूर्ण परिच्छेदात वाक्यं कशी पुढे सरकतात याचे नमुने मांडले. त्यांच्याकडे परत येतेच.

त्याच १९७४ साली सुझन हॅव्हिलँड आणि हर्बर्ट क्लार्क यांनी केलेला एक प्रयोग मला विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडतो. त्यांनी वाचकांना वाक्यांच्या जोड्या दिल्या. एका जोडीचा आशय असा : ‘आम्ही डिकीतून बिअर काढली. बिअर गरम होती.’ दुसरीचा असा : ‘आम्ही सहलीचं सामान तपासलं. बिअर गरम होती.’ दुसरं वाक्य दोन्हीकडे अक्षरशः तेच, तरी दुसऱ्या जोडीत ते समजायला वाचकांना जास्त वेळ लागला. सामानात बिअर होती, हा सांधा वाचकाला स्वतःच्या डोक्यात बांधावा लागतो. एका वाक्यापुरता तो वेळ अगदी थोडा, क्षणाहूनही कमी. पण असे शंभर सांधे बांधायला लावणारं प्रकरण वाचून झालं की वाचक थकतो, आणि आपण का थकलो हे त्याला सांगता येत नाही. मग तो समासात लिहितो : ओघ नाही.

मराठीची स्वतःची जागा

ओघावरचं बरंचसं मार्गदर्शन इंग्रजीसाठी लिहिलेलं आहे आणि ते जसंच्या तसं उचलून शिकवलं की गोंधळ होतो. इंग्रजी शास्त्रीय लेखनाविषयी जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वॉन यांनी १९९० साली दाखवून दिलं की वाचक वाक्याच्या शेवटी महत्त्वाची गोष्ट येईल अशी अपेक्षा धरून वाचतो. इंग्रजीपुरतं हे चोख आहे. मराठीत मात्र वाक्याच्या शेवटी बहुतेक वेळा क्रियापद बसतं आणि ते अनेकदा ‘आहे’, ‘केले’, ‘होते’ असं साधंच असतं. आपल्याकडे भर पडतो तो क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागेवर.

दोन वाक्यं फळ्यावर लिहा. ती १८५४च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीतली आहेत; पुढे येणारे जॉन स्नो हे त्या साथीची चौकशी करणारे डॉक्टर :

‘पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला.’
‘८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला.’

शब्द तेच. विद्यार्थ्यांना विचारा, की कोणतं वाक्य कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? पहिलं ‘कधी काढला?’ याचं, दुसरं ‘काय काढलं?’ याचं. वर्गात हे कुणाला समजावावं लागत नाही, कान आधीपासून तयार असतो. आपलं काम एवढंच, की कानाला जे कळतं ते लिहिताना वापरायची सवय लावायची.

हाच प्रश्न पुढे सगळीकडे कामाला येतो. प्रत्येक वाक्य कुठल्यातरी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. मागच्या वाक्याने वाचकाच्या मनात जो प्रश्न उभा केला, त्याचंच उत्तर पुढचं वाक्य देत असेल तर मजकूर वाहतो. वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असेल तर वाचक थबकतो. शिकवायला मला याहून सोपं साधन सापडलेलं नाही.

मराठीची आणखी एक सोय विद्यार्थी वापरतच नाहीत. विभक्ती प्रत्ययांमुळे आपल्याला वाक्यातली पदं पुढे-मागे करता येतात. ‘स्नो यांनी ही चौकशी केली’ आणि ‘ही चौकशी स्नो यांनी केली’ ही दोन्ही सरळ मराठी वाक्यं आहेत. आधीच्या वाक्यात चौकशीचा विषय निघाला असेल तर दुसरी रचना घ्या, एवढंच. पण इंग्रजीतून वाचून मराठीत लिहिणारा विद्यार्थी ‘स्नो यांच्याद्वारे ही चौकशी करण्यात आली’ असं लिहितो. इंग्रजीत ओळखीची गोष्ट पुढे आणायला अनेकदा कर्मणी रचनेचा आधार घ्यावा लागतो. मराठीत पद उचलून पुढे ठेवलं की काम होतं. ‘द्वारे’ दिसलं की मी तिथे फक्त एक गोल करते. दोन आठवड्यांत विद्यार्थी स्वतःच ते काढू लागतात.

एक परिच्छेद जवळून

खालचा परिच्छेद मी वर्गासाठी मुद्दाम रचलेला आहे. त्यातली प्रत्येक चूक मात्र खऱ्या मसुद्यांत भेटलेली.

“जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा अभ्यास केला. दूषित हवेमुळे रोग पसरतात, हा सिद्धांत त्या काळी प्रचलित होता. तसेच ८ सप्टेंबर १८५४ रोजी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढण्यात आला. लंडनच्या सोहो भागात ऑगस्टअखेरीस मोठी साथ पसरली होती. त्यामुळे सदर जलस्रोताविषयी स्नो यांच्याद्वारे मृतांच्या घरी चौकशी करण्यात आली.”

व्याकरणाची चूक नाही. सुटंसुटं पाहिलं तर प्रत्येक वाक्य बरोबर आहे. जोडशब्दही आहेत. तरी हा परिच्छेद दोनदा वाचावा लागतो. आता हा पाहा :

“१८५४च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची मोठी साथ पसरली. असे रोग दूषित हवेतून पसरतात, असे त्या काळचे बहुतेक डॉक्टर मानत. हवेचा हा सिद्धांत जॉन स्नो यांना मान्य नव्हता. त्यांचा संशय पाण्यावर होता. हा संशय पडताळण्यासाठी त्यांनी मृतांच्या घरी जाऊन पाणी कुठून येते याची चौकशी केली. चौकशीत बहुतेक घरांचा माग एकाच ठिकाणी पोहोचला : ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप. या पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढण्यात आला.”

इथे ‘तसेच’ नाही, ‘त्यामुळे’ नाही, एकही जोडशब्द नाही. ‘असे रोग’, ‘हवेचा हा सिद्धांत’, ‘हा संशय’, ‘चौकशीत’, ‘या पंपाचा’ : प्रत्येक वाक्य मागच्याचं बोट धरून सुरू होतं आणि काहीतरी नवं देऊन संपतं. शेवटच्या वाक्यात दांडा कुणी काढला ते सांगितलेलं नाही, कारण या परिच्छेदाला त्याची गरज नाही. कर्मणी रचना इथे योग्यच आहे. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगा, नाहीतर ते ‘करण्यात आला’ दिसलं की पुसत सुटतात.

पहिल्या बैठकीत मी दुसरा परिच्छेद वाक्यावाक्याच्या पट्ट्या कापून देते, क्रम बिघडवून. तिघातिघांचे गट करून तो लावायला सांगते. पाच मिनिटांत बहुतेकांचा लागतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रत्येक गटाने सांगायचं, की कोणत्या शब्दाने तुम्हाला क्रम सांगितला? ‘हा संशय’ पहिल्यांदा येऊच शकत नाही, कारण संशय अजून निघालेला नाही, असं एखादी मुलगी म्हणाली की अर्धा तास व्याख्यान देऊन जे पोहोचलं नसतं ते पोहोचलेलं असतं. मग पहिल्या परिच्छेदाच्या पट्ट्या द्या. त्याचा क्रम कुणाचाच ठाम लागत नाही. तीन गट तीन क्रम लावतात आणि तिन्ही सारखेच बरे वाटतात. असं का झालं, यावर वर्गाला बोलू द्या. तुम्ही बोलू नका.

नमुने तीन, पण फार वेळ नको

दानेश यांचे नमुने दुसऱ्या बैठकीत घ्यावेत. वरचा परिच्छेद साखळीचा : एका वाक्याचं नवं ते पुढच्या वाक्याचं ओळखीचं. दुसरा नमुना एकाच विषयाला धरून राहण्याचा. ‘जॉन स्नो १८१३ साली यॉर्क इथे जन्मले. १८४९ सालीच त्यांनी कॉलरा पाण्यातून पसरत असल्याचे मत मांडले होते. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीवेळी त्यांनीच क्लोरोफॉर्म दिला.’ तिन्ही वाक्यं स्नो यांच्याविषयी, माहिती दर वेळी नवी. तिसरा फांद्यांचा : ‘पंपाच्या आसपासच्या दोन जागा मात्र बचावल्या. वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांच्या आश्रयगृहात, ५३५ जण राहत होते, त्यातले पाचच दगावले. तिथे स्वतंत्र विहीर होती. ब्रुअरीतले, म्हणजे बिअरच्या कारखान्यातले, कामगार पंपाचे पाणी पीतच नसत.’ इथे पहिल्या वाक्याने ‘दोन जागा’ असं सांगून ठेवलं म्हणून पुढची वाक्यं एकमेकांना न जोडताही उभी राहतात.

एवढं पुरे. नमुन्यांची नावं पाठ करून घेण्यात अर्थ नाही. खऱ्या लेखात ते मिसळलेलेच येतात. एक गोष्ट तेवढी सांगा : संशोधनलेखात ‘पद्धती’चा भाग बहुधा एकाच विषयाला धरून चालतो, युक्तिवादाचा भाग साखळीने चालतो आणि पूर्वसंशोधनाचा आढावा फांद्यांनी. आढाव्याच्या प्रकरणात विद्यार्थी सगळ्यात जास्त अडखळतात, कारण ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी असे म्हटले’ लिहिताना फांद्या कोणत्या झाडाच्या हे सांगणारं वाक्यच ते लिहीत नाहीत.

विद्यार्थी कुठे चुकतात

पर्यायी शब्दांची हौस ही पहिली आणि सगळ्यात चिवट अडचण. शाळेतल्या निबंधापासून त्यांच्या मनावर ठसवलेलं असतं, की तोच शब्द पुन्हा वापरू नये. म्हणून एका परिच्छेदात ‘पंप’ असतो, पुढे ‘जलस्रोत’ होतो, मग ‘पाणवठा’. वाचकाला वाटतं तीन वेगवेगळ्या जागा आहेत. ललित लेखनात ही विविधता शोभते. संशोधनलेखनात एका गोष्टीला एकच नाव, आणि नाव बदललं तर गोष्टही बदलली, असा करार आहे. मी हे पहिल्याच दिवशी सांगते आणि तरी दर वर्षी तिसऱ्या मसुद्यापर्यंत पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ज्या शिक्षकांनी ती सवय लावली त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं; इथे खेळाचे नियम वेगळे आहेत, असं समजावलं की विद्यार्थी ऐकतात.

दुसरं, सुटं ‘हे’ आणि ‘यामुळे’. ‘यामुळे’ म्हणजे कशामुळे? आधीच्या वाक्यात तीन गोष्टी असतील तर वाचकाने कोणती घ्यायची? उपाय सोपा आहे, ‘या’पुढे नाम बसवायचं : ‘या संशयामुळे’, ‘या घटीमुळे’, ‘या विसंगतीमुळे’. नाम शोधताना विद्यार्थ्याला आपण आधी काय म्हटलं ते एका शब्दात पकडावं लागतं, आणि पुष्कळदा तिथेच त्याला कळतं की आपण नेमकं काही म्हटलेलंच नाही. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘प्रस्तुत’ हे शब्द बोट दाखवल्याचा आव आणतात, पण कुठे ते सांगत नाहीत. ते माझ्या वर्गात बंद आहेत.

तिसरं, नामाआधी रचलेली विशेषणांची उतरंड : ‘मृतांच्या कुटुंबीयांकडून गोळा केलेल्या पाण्याच्या स्रोतांविषयीच्या माहितीच्या आधारे काढलेला निष्कर्ष’. मराठीत विशेषण नामाआधी येतं, त्यामुळे सगळं नवं सामान हातात धरून वाचकाला ‘निष्कर्ष’ येईपर्यंत चालावं लागतं. वाक्याचे दोन करा. ‘स्नो यांनी मृतांच्या कुटुंबीयांना पाणी कुठून आणता, असे विचारले. त्या उत्तरांवरून त्यांनी निष्कर्ष काढला.’ मोठ्याने वाचायला लावा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडायचं.

तिसरी बैठक : तोंडी प्रश्न

या बैठकीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. प्रत्येकाने स्वतःच्या मसुद्याचं एक पान आणायचं. शेजारच्याने ते वाचायचं आणि जिथे डोळे मागे गेले, म्हणजे आधीचं वाक्य पुन्हा पाहावं लागलं, तिथे समासात फक्त एक आडवी रेघ मारायची. काहीही लिहायचं नाही, सुचवायचं नाही. मग रेघ असलेल्या ठिकाणी लेखकाला एकच प्रश्न विचारायचा : “या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय?”

दोनांपैकी एक घडतं. बहुतेक वेळा लेखक चटकन सांगतो : “अहो, म्हणजे पहिल्या सर्वेक्षणात शहरातलीच कुटुंबं होती ना, म्हणून दुसऱ्यात गावं घेतली.” शेजाऱ्याने हे शब्द तसेच्या तसे टिपून घ्यायचे. तेच राहून गेलेलं वाक्य. थोडं नीटनेटकं करून दोन वाक्यांच्या मधे ठेवलं की काम झालं. ज्या विद्यार्थिनीने मला मघाचा प्रश्न विचारला होता, तिच्या अकरा जागांपैकी आठ अशा तोंडी उत्तरांनी भरल्या. एका दुपारच्या बैठकीत. ती स्वतःच चकित होऊन म्हणाली, “हे मला माहीतच होतं की! मला वाटलं, वाचणाऱ्यालाही माहीत असणार.” बहुतेक तुटलेल्या धाग्यांमागे हेच कारण असतं. लेखक विषयात इतका बुडालेला असतो की त्याच्या लेखी सांधे आपोआप दिसतात.

उरलेल्या तीन ठिकाणी तिला संबंध सांगता आला नाही. ती गप्प बसली, मग म्हणाली, “दोन्ही मुद्दे महत्त्वाचे वाटले म्हणून घेतले.” अशी जागा लेखनाने दुरुस्त होत नाही. तिथे विचारच अजून व्हायचा आहे, आणि मार्गदर्शकाने तिथे भाषेविषयी चकार शब्द काढू नये. त्या तीन मुद्द्यांपैकी एक तिने पुढच्या प्रकरणात नेला, एक सोडून दिला आणि एकासाठी तिला आठ दिवस पुन्हा वाचावं लागलं. ‘ओघ नाही’ या एकाच शेऱ्याखाली मी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथ्या बैठकीत विद्यार्थी एकटे काम करतात. प्रत्येक वाक्याचे पहिले चार-पाच शब्द वेगळ्या कागदावर एकाखाली एक उतरवायचे आणि ती यादी वरून खाली वाचायची. यादीतून परिच्छेद कशाविषयी आहे ते कळलं तर ठीक. प्रत्येक ओळीत नवीनच पाहुणा दिसत असेल तर घोटाळा आहे. मग प्रकरणाच्या पातळीवर तेच : प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं एका वाक्यात लिहून ती वाक्यं सलग वाचायची. ही कामं घरी देऊ नका. आपण समोर असताना पहिल्यांदा करू द्या, म्हणजे यादीत घोटाळा दिसल्यावर पुढे काय करायचं हे विचारायला कुणीतरी असतं.

तपासताना

शिकवण्याइतकंच तपासणंही अवघड आहे, कारण परीक्षक स्वतः विषयतज्ज्ञ असतो. त्याला सांधे माहीत असतात, म्हणून तो अडखळतच नाही आणि तुटलेल्या मजकुराला चांगले गुण देऊन बसतो. मी दोनदा वाचते. पहिल्या वाचनात हातात पेन्सिल, पण फक्त रेघा मारायला. शुद्धलेखन, संदर्भ, काही पाहायचं नाही. मी प्रत्येक प्रकरणातली सलग दोन पानं अशी वाचते, सुरुवातीची नव्हेत, मधली. सुरुवातीची पानं सगळ्यांनीच घासून-पुसून लिहिलेली असतात. दुसऱ्या वाचनात प्रत्येक रेघेशी एक अक्षर लिहिते : ‘सां’ म्हणजे सांधा गाळलाय, ‘ना’ म्हणजे नाव बदललंय, ‘हे’ म्हणजे सर्वनाम कशाला लागतं ते कळत नाही, ‘क्र’ म्हणजे ओळखीचं-नवं यांचा क्रम उलटा, ‘वि’ म्हणजे विचारच तुटलाय. या पाच अक्षरांचा अर्थ विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी दिलेला असतो. अकरा वेळा ‘ओघ नाही’ लिहिण्याच्या जागी आता तीन ‘सां’, पाच ‘ना’ आणि एक ‘वि’ असतं, आणि कुठून सुरुवात करायची ते त्यांना विचारावं लागत नाही.

गुण देताना मी ओघाला वीसपैकी पाच ठेवते आणि शुद्धलेखनापासून ते पूर्ण वेगळे ठेवते. निकष वाचकाला काय घडलं त्यावरून लिहिलेले आहेत. सलग दोन पानं न थांबता वाचता आली आणि प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं पहिल्याच वाचनात कळलं, तर पाच. एक-दोन ठिकाणी थांबावं लागलं पण आधीचं वाक्य पाहून मार्ग सापडला, तर चार. सांधे वारंवार स्वतः बांधावे लागले पण बांधता आले, तर तीन. काही सांधे बांधताच आले नाहीत, तर दोन. वाक्यांची जागा बदलली तरी परिच्छेदाला फरक पडत नसेल, तर एक. ‘उत्तम’, ‘बरा’, ‘सुमार’ असे शब्द निकषांत घालू नका. दोन परीक्षकांचं ‘बरा’ कधीच एक नसतं.

जोडशब्द मोजून गुण देणं तर अजिबात नको. जोडशब्द हा एक दावा असतो आणि तो तपासावा लागतो. वरच्या परिच्छेदाला विद्यार्थी हटकून एक वाक्य जोडतात : ‘त्यामुळे साथ आटोक्यात आली.’ किती सुरेख वाहतं ते! पण दांडा काढला तोवर साथ आधीच ओसरू लागली होती, लोक भाग सोडून गेले होते, आणि हे स्वतः स्नो यांनीच नोंदवून ठेवलंय. तिथे ‘मात्र तोवर साथ ओसरू लागली होती’ असं हवं. ओघासाठी पाचपैकी पाच आणि युक्तिवादासाठी शून्य, असं एकाच वाक्याला देता आलं पाहिजे. म्हणून हे दोन रकाने कधीही एकत्र करू नका. गुळगुळीत भाषेला भुलून मी स्वतः एका कच्च्या निष्कर्षाला चांगले गुण दिलेले आहेत, आणि तो विद्यार्थी पुढे तोंडी परीक्षेत त्याच वाक्यावर अडकला.

दोन परीक्षक असतील तर आधी चार-पाच मसुदे दोघांनी वेगवेगळे वाचावेत आणि गुण नव्हे, रेघा जुळवून पाहाव्यात. तुम्ही सातव्या ओळीवर थांबलात, मी नाही थांबले, का? बहुधा एकाला तो विषय ठाऊक असतो. ज्याला ठाऊक नाही त्याची रेघ ग्राह्य धरायची, असं आम्ही ठरवून टाकलंय. दोघेही त्याच विषयातले असाल तर दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला दोन पानं वाचायला द्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि रेघा मारणं कुणालाही जमतं.

पाचपैकी दोन गुण मी पहिल्या मसुद्यावर देतच नाही. ते पुनर्लेखनासाठी राखून ठेवते. सुधारलेला मसुदा आला की तो पहिल्यापासून वाचायची गरज नसते; जुन्या रेघांच्या जागा उघडायच्या आणि तिथे काय झालंय ते पाहायचं. ‘सां’ होतं तिथे वाक्य आलं का? ‘ना’ होतं तिथे नाव एकच झालं का? ‘वि’ची जागा मी शेवटी बघते, विद्यार्थ्याला समोर बसवून, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारते : या दोन वाक्यांचा संबंध काय?